सव्वा महिना

पिशवी काढली की बाई सुटते, असं मला ज्या ज्या बायकांनी सांगितलं त्या सगळ्यांना एकदा ओळीनं उभं करून विचारायचंय, की बायांनो, नक्की कशातनं सुटते? आठ महिने झाले माझ्या ऑपरेशनला. अजून शिंक आली की मी आधी दोन्ही हात पोटावर धरते आणि मग शिंकते. अजून बेंबीच्या खाली चार बोटं जागा बधिर आहे. तिथं चिमटा काढला तर कुणीतरी चिमटा काढला एवढं कळतं, पण तो मला काढला असं वाटत नाही. आणि त्या बधिर जागेच्या उजव्या अंगाला बशीएवढा काळपट डाग आहे. तो ऑपरेशनचा नाही. तो माझ्या आईच्या हातचा आहे, आणि त्या डागापायीच मी हे लिहायला बसलेय.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. सासरी वडगाव निंबाळकरला हे सगळ्या आळीला माहीत आहे. घरी तीन एकर ऊस आणि सात गाई. धारा मी काढते, शेण मी उचलते, वैरण मी टाकते. त्यातली एक काळी-पांढरी गाय तर माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही; नवऱ्याला तिनं दोनदा लाथ घातलीय. असं असताना मी आजारी पडायचं कधी? दोन वर्षं अंगावरून नुसतं पाण्यासारखं जात होतं. मी गोधडीची फडकी करकरून दिवस काढले. शेवटी एका सकाळी गोठ्यातच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि दुधाच्या बादलीसकट खाली बसले. नवरा मला बारामतीला घेऊन गेला. तपासल्यावर कळलं, पिशवीत गाठी आहेत, रक्त सातवर आलंय. आधी दोन बाटल्या रक्त चढवलं, मग पोटावर आडवं कापून पिशवी काढली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाल्या, "वरचे टाके दहा दिवसांत धरतील. ते दिसतात, म्हणून तुम्हाला वाटेल की झालं. आतले टाके दिसत नाहीत. तीन महिने भरलेली बादली उचलायची नाही, उकिडवं बसायचं नाही. घाई केली तर आतली शिवण सैल पडेल, आणि मग खालचं सगळं जन्मभर उतरत राहील." आणखी एक सांगितलं, की टाक्यांच्या वरची कातडी काही महिने बधिर राहील, तिथं जपा. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझे कान 'तीन महिने' या दोन शब्दांवरच अडकले होते. बधिर कातडीचं मी ऐकलं आणि तिथंच सोडलं.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "डॉक्टर लोक जास्तच सांगत्यात. आपण सव्वा महिना धरू."

सासूबाईंचाही तोच हिशोब. बाळंतिणीला सव्वा महिना पुरतो, मग हिला काय जास्त? फोनवर त्या माझ्या आईला म्हणाल्या, "हिच्यात तर पोर बी न्हाय सांभाळायचं." मी शेजारीच पडले होते. तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलायला पोटात हवा धरावी लागते आणि हवा धरली की टाके ओढत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी सासूला उलट उत्तर दिलं नाही.

सव्वा महिना म्हणजे माहेरीच. मला पळसदेवला आणलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, भाऊ पुण्याला कंपनीत, त्यामुळं घरात आई एकटी. वय सहासष्ट, अजून नऊवारी लुगडं, अजून सगळं काम उभ्यानं आणि घाईघाईनं. मी गाडीतून पोटाशी उशी धरून उतरले. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आईनं दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "आता सव्वा महिना हालायचं न्हाय."

तिनं माझं बाळंतपणच मांडलं. मधल्या खोलीत बाज टाकली, दाराला जुनं लुगडं लावलं. सकाळी बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वरून तूप. अंगाला तेल. पाण्याच्या चुलीवर हंडाभर पाणी कडकडीत तापवायचं, ते बादलीत काढून न्हाणीत आणायचं आणि माझ्या पाठीवर ओतायचं. पोटाला दवाखान्यातला पट्टा होता, त्याच्यावरून ती आणखी लुगड्याचा पट्टा आवळायची. संध्याकाळी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि माझ्या कमरेखाली सारायची. "शेक घे. शेकानं आतलं आवळून येतं."

मी म्हणायचे, "अगं, मी काय बाळंतीण हाय का? शेचाळीस वर्षांची घोडी झाले मी."

"पोटातनं काय बी निघू दे, जागा मोकळीच हुती ना?" असं तिचं उत्तर.

त्या दिवसांबद्दल बायका सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. बाजेवरून उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग पाय खाली सोडायचे, आणि एवढ्यात घाम फुटायचा. खोकला आला की वाटायचं आता फुटतंय सगळं. लघवीला जावं तर आग, आणि परसाकडं जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून धास्ती. हसायची तर चोरीच. शेजारची एक म्हातारी काहीतरी चावट बोलली आणि मी हसले, तर हसता हसता रडायला लागले. तिला वाटलं, तिच्या बोलण्याचं वाईट वाटलं. रात्री झोप नाही. दिवसा येणाऱ्या बायका, आणि प्रत्येकीचं एकच, "सुटलीस बाई." एक तर म्हणाली, आता बाईपण सरलं, आता नुसतं खायचं आणि कामाला जुंपून घ्यायचं. मी म्हटलं, मग आधी काय करत होते? ती परत आली नाही. बरंच झालं.

पण खरी भीती वेगळीच होती. खाली, अगदी खाली, कुणीतरी दोरी बांधून ओढल्यासारखं व्हायचं. चार पावलं चालले की व्हायचं. तेव्हा डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवायचं. आतली शिवण धरली की नाही हे मला बघता येत नव्हतं. ती धरली नाही, तर गोठ्यात मी पुन्हा कशी उभी राहणार होते? मला दुसरं काही नको होतं. ती शिवण धरावी, एवढंच.

अठराव्या दिवशी संध्याकाळी ते ओढणं फारच वाढलं. मी आईला म्हटलं, "कमरेचं सोड, हितं खाली दुखतंय." तिनं वीट घेतली आणि पट्टा सोडून पोटावर, टाक्यांच्या अंगाला ठेवली. कडेकडेनं छान ऊब लागली. मधे काही लागत नव्हतं, पण मला वाटलं, फडकं जाड असेल. कितीतरी दिवसांनी ओढ कमी झाली. आई पायाशी बसून पाय चेपत होती. मला गाढ झोप लागली. मी झोपले म्हणून तिलाही बरं वाटलं असणार. ती वीट काढायला उठली नाही, लेकीची झोप मोडेल म्हणून.

जागी झाले तर परकर पोटाला चिकटलेला. ओढला, तर त्याच्याबरोबर कातडी आली. तरी दुखलं नाही. त्या न दुखण्याचीच मला जास्त भीती वाटली. दिव्याच्या उजेडात बघितलं, तर हा एवढा फोड, आणि टाक्यांच्या कडेपर्यंत लाल.

मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतंय. आठवू नये म्हणून खूप प्रयत्न केला. "तुला काय अक्कल हाय का न्हाय? मारायला आणलंस का मला हितं? दवाखान्यात एवढं लाखाचं करून आले आणि तू चुलीतल्या विटेनं माझं वाटोळं केलंस! अडाणी ती अडाणीच!" टाके ओढत होते तरी ओरडले. आईनं वीट उचलली, बाहेर नेऊन ठेवली आणि उंबऱ्यात बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली गाडी करून आम्ही इंदापूरला डॉक्टरकडं गेलो. तरुण मुलगा होता. मलमपट्टी करता करता म्हणाला, "टाक्यांपर्यंत गेलं असतं तर पू झाला असता. थोडक्यात वाचलात. बधिर कातडीवर कुणी वीट ठेवतं का? कुणी ठेवली?" आई दाराशी उभी होती, पदराचं टोक तोंडाशी धरून. मी तिच्याकडं न बघता म्हटलं, "आईनं." चांगलं मोठ्यानं म्हटलं. वास्तविक बधिर कातडीचं फक्त मला आणि नवऱ्याला सांगितलेलं होतं. आईला ते कुणी सांगितलं होतं? मी तर नव्हतं सांगितलं.

त्यानंतर वीट बंद झाली. आई मुकी झाली. भाकरी आणून ठेवायची, औषधाची वेळ झाली की गोळी पाण्याबरोबर पुढं करायची. मीही ताठच. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही. एकमेकांच्या ताटात जास्त वाढायचं आणि समजून घ्यायचं, एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी मी न्हाणीच्या दाराशी भिंत धरून उभी होते. आई चुलीकडून बादली घेऊन येत होती. मधेच तिनं बादली खाली ठेवली. दोन्ही पाय जुळवून उभी राहिली, हात लुगड्यावरून खाली नेला, आत दाबल्यासारखं केलं, एक श्वास सोडला आणि पुन्हा बादली उचलली.

हे मी लहानपणापासून बघत होते. शेतात बघितलं होतं, हापशावर बघितलं होतं. आईची ती सवय आहे असंच मला वाटायचं, कुणाला मान उडवायची असते तशी. पण त्या दिवशी माझं स्वतःचं खाली ओढत होतं आणि माझाही हात तिथंच होता. मला एकदम कळलं.

"आई, तुला काय होतंय?"

"कुठं काय. वात हाय."

"खाली काय होतंय तुझ्या?"

"गप बस. पाणी निवतंय."

मी न्हाणीत जायला तयार होईना. शेवटी ती चुलीकडं तोंड करून बसली आणि राखेकडं बघत बोलली. "अंग भाईर येतंय माझं. तुझा भाऊ झाला तवापास्नं. फडक्याची घडी लावून कासोटा आवळते, मग ऱ्हातंय आत."

भाऊ चाळीस वर्षांचा आहे.

"कुणाला दाखवलं?"

"कुणाला दाखवू? तुझ्या बापाला बी म्हाईत न्हवतं नीट." मग जरा थांबून म्हणाली, "बारावं झालं पोराचं आन् तेराव्या दिशी मला उसाच्या फडात नेलं. डोक्यावर वाढ्यांचं भारं वाहायला. तुझी आजी म्हणली, पयलटकरीण हाय व्हय लाड करायला. बाज न्हाय, शेक न्हाय, पोट बांधायला चिंधी न्हाय. शेक न्हाय मिळाला म्हणून झालं असं. म्हणून तुला म्हणलं शेकावं." आणि हळूच म्हणाली, "जास्त झालं, चुकलं माझं."

मला माझीच इतकी लाज वाटली की काय सांगू. बावीस दिवस रोज सकाळी ही बाई माझ्यासाठी भरलेली बादली उचलत होती. मला उचलायची बंदी होती, कारण माझं हे होऊ नये म्हणून. आणि जिचं झालेलंच होतं ती उचलत होती. वर मी तिला अडाणी म्हटलं होतं.

तरी माझा शहाणपणा जाईना. म्हटलं, "अगं आई, शेकाचं काय न्हाय त्यात. ओझं उचलल्यानं होतं ते."

आई म्हणाली, "एकच की. जिला शेक मिळतो तिला उचलाया कोण लावतंय?"



अडतिसाव्या दिवशी नवरा आला. सव्वा महिना बरोबर भरला होता. एका ओळखीच्याची गाडी घेऊन आला, सोबत साडी, नारळ आणि पेढे. बाजेवर बसला, पाणी प्याला. चेहरा ओढलेला होता. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू? पहाटे चारला उठून सात गाईंचं करणं सोपं नाही. म्हणाला, "ती काळी-पांढरी आटायला लागलीय. हात लावू देत न्हाय. आई म्हणली, आता बास झालं, घेऊन ये. तू नुसती धार काढ, बाकी मी बघतो."

नुसती धार काढ. म्हणजे उकिडवं बसायचं, आणि भरलेली बादली उचलून कॅनमध्ये ओतायची. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. आणि तरी मी उठले, कुशीवर वळून, कोपर टेकून, आणि पिशवीत कपडे भरायला लागले. कुणी बांधून नेत नव्हतं मला. ती गाय आटतेय म्हटल्यावर माझे हात आपोआप चालायला लागले. माझा सगळा राग, सगळी जीभ त्या वेळी कुठं गेली होती कुणास ठाऊक!

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. पंचवीस वर्षांत ती जावयाशी समोरासमोर चार वाक्यं बोललेली नाही. डोक्यावर पदर, दाराआडून "पाव्हणं, चहा घ्या," एवढंच. त्या दिवशी ती दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावर होताच, पण मान वर होती.

"पाव्हणं, ती येणार न्हाय."

नवरा हसला. "मामी, सव्वा महिना झाला की."

"झाला. आणखी दोन म्हैनं हायती, डाक्टरीण म्हणलीया." मग तिनं भिंतीला हात टेकला. "मला तेराव्या दिशी उठवलं हुतं. माझं अंग भाईर आलंय, पाव्हणं. चाळीस वरसं झाली. फडकं लावून हिंडते मी. बसले तर टोचतंय, उठले तर येतंय. लेकीचं तसं झालेलं मला बघायचं न्हाय."

 नवऱ्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सासूनं जावयाला सांगायची ही गोष्ट नाही. आमच्यात नवऱ्यालाही सांगायची नाही.  मला वाटलं, तिच्यापुढं जाऊन उभं राहावं, तिला झाकावं. पण मी पिशवीचा बंद हातात धरून तशीच उभी राहिले.

नवरा खाली बघत म्हणाला, "मग दवाखान्यात का न्हाय दाखवलं, मामी?"

"कोण न्हेणार हुतं?"

तो उठला. नारळ, साडी, पेढे बाजेवर तसेच ठेवले. चपला घालताना मला म्हणाला, "ऱ्हा तू. मी बघतो काय ते." गाडीचा आवाज हायवेपर्यंत ऐकू येत राहिला. आई चुलीपाशी जाऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी तिला रडताना बघितलं ते वडील गेले तेव्हा, आणि त्या दिवशी.

मग ती डोळे पुसून उठली. म्हणाली, "तुझं पाणी तापलंय कवाचं." आणि बादलीला हात घातला.

"सोड ती," मी म्हटलं.

"मग कोण उचलणार? तू?"

मीही उचलू शकत नव्हते. आईचं कळल्यापासून रोज सकाळी शेजारचं कुणीतरी बादली उचलून द्यायचं, पण आज पाहुणा आला म्हणून सकाळची अंघोळ राहिलेली, आणि भर दुपारी हाक मारावी तर शेजारची माणसं सगळी रानात. आम्ही दोघी त्या बादलीकडं बघत उभ्या राहिलो. शेवटी मी हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि न्हाणीतल्या रिकाम्या घंगाळात नेऊन ओतला. आईनं दुसरा भरला. अशा आम्ही चुलीपासून न्हाणीपर्यंत तांब्या तांब्यानं पाणी नेलं. ती पायांत अंतर ठेवून, मी पोटाला हात धरून. घंगाळ भरेपर्यंत पाणी कोमट झालं होतं.

मी चौरंगावर बसले. आई पाठीवर पाणी ओतायला लागली. मी म्हटलं, "माझे तीन महिने झाले की तुला बारामतीला नेते. माझ्याच डॉक्टरीणबाईंकडं. तुझी बी पिशवी काढून टाकू, ऑपरेशन करून आणू."

आईनं जळलेल्या जागेवर पाणी जाऊ नये म्हणून तिथं हात आडवा धरला. "आन् मग माझा सव्वा म्हैना कोण करंल?"

मी म्हणणार होते, मी करीन. तोंडात आलंही होतं. पण मला गोठा दिसला, सात गाई दिसल्या, आणि मी काही बोलले नाही. आईनं थोडा वेळ वाट बघितली आणि पुढचा तांब्या ओतला.

माझे तीन महिने पुरे झाले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आतली शिवण चांगली धरलीय. आता मी वडगावला रोज सकाळ-संध्याकाळ बादल्या उचलते. आई पळसदेवला एकटी आहे, आणि तिची तिची बादली ती उचलते. फोन केला की आधी विचारते, "ओढतं का गं अजून?" मी नाही म्हणते. तिला मी तेच विचारत नाही, कारण ती काय सांगेल ते मला माहीत आहे, आणि त्यानंतर मला काय बोलावं लागेल तेही माहीत आहे.